कल्पनेचे ऋण

जे घडलेले नाही आणि कदाचित कधीच घडणार नाही, अशा गोष्टीच्या वाचनावरून एखाद्याने आपल्या उभ्या आयुष्याचे काम ठरवावे काय? प्रश्न वरवर पाहता विक्षिप्त वाटेल. विवाह, व्यवसाय, व्रतस्थ जीवन यांपैकी कशाचीही निवड करताना माणसाने वास्तवाचे भान ठेवावे, स्वतःची कुवत आणि घरची परिस्थिती पाहावी, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा, असेच आपण आजवर सांगत आलो. त्यात कल्पित कथेला स्थान ते कोठे? आणि तरीही गेल्या शंभर वर्षांतील संगणकविद्येचा इतिहास चाळू लागलो, की त्यातून विज्ञानकथा वाचणारी मुले जागोजागी डोकावताना दिसतात. कोणी दुकानाच्या फळीवरची मासिके चोरून वाचत होता, कोणी अभियांत्रिकीची पुस्तके बाजूला सारून यंत्रमानवांच्या गोष्टींत रमला होता. पुढे या मुलांनीच जी यंत्रे घडवली, त्यांवर आज आपल्या घरातील कोणा ना कोणाची उपजीविका चालते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. एके काळी शेती, बागायत, मासेमारी, शिक्षकी पेशा किंवा मुंबईतील कचेरी यांवर संसार उभे राहिले. आज दहावी-बारावीच्या निकालानंतर घराघरांत उच्चारला जातो तो शब्द संगणक. ‘संगणकात जा, नोकरी मिळेल’ हा सल्ला चुकीचा नाही. पण ‘तेथे जाऊन काय करशील?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी चांगली विज्ञानकथा उपयोगी पडते. कशी ते पाहू. तिचे धोकेही पाहू.

प्रथम एका शब्दाची जन्मकथा. ‘रोबो’ हा शब्द आज आपल्या लहान मुलांच्याही तोंडी आहे. तो प्रयोगशाळेत जन्मला नाही, रंगभूमीवर जन्मला. चेक नाटककार कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे रंगमंचावर आले. माणसाची कामे करण्यासाठी कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम मानवांना काय नाव द्यावे, असा प्रश्न कारेल यांना पडला, तेव्हा त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी हा शब्द सुचवला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक नैतिक प्रश्न दडलेला आहे: स्वतःचे कष्ट दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळा झालेला माणूस, माणूस म्हणून उरतो का? नाटकात हे कृत्रिम मानव शेवटी बंड करतात आणि मनुष्यजात नष्ट करतात. एकच माणूस ते जिवंत ठेवतात, अल्क्विस्ट नावाचा बांधकाम करणारा. कारण काय, तर तो अजूनही त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. चापेक यांना यंत्रशास्त्र शिकवायचे नव्हते. माणसाचा श्रमाशी असलेला संबंध तुटला तर काय होईल, हे त्यांना दाखवायचे होते.

या शब्दाचा वारसा पुढे एका दुकानदाराच्या मुलाकडे गेला. आयझॅक ॲसिमॉव्ह यांचा जन्म रशियातला. १९२३ साली, तीन वर्षांचे असताना, ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात वडिलांचे गोळ्या-चॉकलेटांचे छोटे दुकान होते; तेथे मासिकेही विकायला असत. मुलाने ही भडक मुखपृष्ठांची मासिके वाचू नयेत, असा वडिलांचा दंडक होता. परंतु एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द होता आणि त्या एका शब्दाने वडिलांचे मन विरघळले. विज्ञान म्हणजे काहीतरी अभ्यासाचे असणार, अशी त्या कष्टाळू स्थलांतरित माणसाची समजूत झाली. वाचकहो, या प्रसंगावर हसावे की त्यातून धडा घ्यावा? मुलाच्या हातातील पुस्तक न वाचताच त्याला बंदी घालणारे आणि न वाचताच परवानगी देणारे, असे दोन्ही प्रकारचे पालक मी पाहिले आहेत. मुलाशेजारी बसून ते पुस्तक वाचणारे मात्र विरळा.

ॲसिमॉव्ह यांनी विशीच्या उंबरठ्यावर यंत्रमानवांच्या कथा लिहायला सुरुवात केली. निर्मात्यावर उलटणाऱ्या यंत्राची तीच ती गोष्ट वाचून ते कंटाळले होते. त्यांनी साधा विचार केला: मनुष्य सुरी बनवतो तेव्हा तिला मूठ बसवतो, जिना बांधतो तेव्हा त्याला कठडा लावतो, मग विचार करणारे यंत्र बनवताना तो काही बंधन घालणार नाही का? १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रनअराउंड’ या कथेत त्यांनी आपले तीन नियम प्रथम स्पष्टपणे मांडले. त्यांचा आशय असा: माणसाला इजा न करणे आणि होऊ न देणे हे यंत्रमानवाचे पहिले कर्तव्य, त्याच्या आड न येणारी आज्ञा पाळणे हे दुसरे, आणि या दोहोंना बाध न आणता स्वतःला जपणे हे तिसरे. सामर्थ्याआधी मर्यादा, हा या नियमांचा गाभा होय.

या कथा वाचणाऱ्यांत कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ एंगलबर्गर हा पदार्थविज्ञानाचा आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. १९५६ साली एका मेजवानीत त्याची जॉर्ज डेव्हॉल या संशोधकाशी गाठ पडली. वस्तू उचलून ठेवण्याच्या एका यंत्राच्या एकस्वासाठी डेव्हॉल यांनी १९५४ मध्येच अर्ज केला होता. ते त्या यंत्राचे वर्णन करू लागले, तेव्हा एंगलबर्गरच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो ॲसिमॉव्हचा यंत्रमानव. त्या भेटीतून युनिमेशन ही कंपनी उभी राहिली आणि १९६१ साली त्यांचा ‘युनिमेट’ हा यंत्रबाहू अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याला दिलेले काम लक्षात घेण्यासारखे आहे. साच्यातून नुकतेच निघालेले धातूचे तप्त भाग उचलायचे, म्हणजे जेथे माणसाचे हात भाजत आणि छातीत वाफा भरत, तेथे उभे राहायचे. कोणत्या क्रमाने काय करायचे, याच्या आज्ञा एका चुंबकीय नळकांड्यावर नोंदवलेल्या असत. बोलणारा, विचार करणारा असा तो यंत्रमानव नव्हताच. आंधळा, बहिरा, एकहाती मजूर होता तो. ॲसिमॉव्ह यांचे तीन नियम त्याच्यात कोठेही कोरलेले नव्हते. ते पाळायचे होते ते त्याला बनवणाऱ्याने. आपल्या उद्योगामागे ॲसिमॉव्ह यांच्या कथांची प्रेरणा आहे, हे एंगलबर्गर आयुष्यभर सांगत राहिले. पुढे त्यांनी यंत्रमानवविद्येवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याची प्रस्तावना ॲसिमॉव्ह यांनीच लिहिली. उतारवयात एंगलबर्गर यांचे लक्ष कारखान्यांवरून रुग्णालयांकडे वळले. रुग्णांची जेवणाची ताटे आणि औषधे मार्गिकांतून वाहून नेणारा ‘हेल्पमेट’ त्यांनी तयार केला. वृद्धांना घरच्या घरी आधार देणारे यंत्र व्हावे, ही त्यांची आस अखेरपर्यंत होती. २०१५ साली ते निवर्तले.

येथे पहिला निष्कर्ष काढता येतो. कथेने एंगलबर्गरना यंत्रविद्या शिकवली नाही. ती त्यांनी विद्यापीठात घाम गाळून मिळवली. विज्ञानकथेचे लेखक पुष्कळदा त्या विद्येत अनभिज्ञही असतात. ‘सायबरस्पेस’ हा शब्द जगाला देणाऱ्या विल्यम गिब्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेली आपली ‘न्यूरोमान्सर’ ही कादंबरी साध्या, हाताने चालवायच्या टंकलेखन यंत्रावर लिहिली होती. संगणकाचा त्यांना फारसा परिचयही नव्हता. तेव्हा कथेतून मिळते ती माहिती नव्हे. मिळते ती ओढ आणि त्या ओढीबरोबर एक चित्र: असे काही असू शकेल आणि ते असे असावे. ॲरिस्टॉटलने विस्मयाला तत्त्वज्ञानाचा आरंभ मानले. हाताने करायच्या कामाचा आरंभही विस्मयातच होतो, असे म्हणावेसे वाटते. पाठ्यपुस्तक ‘कसे’ सांगते. ‘कशासाठी’ हे मात्र कोठून तरी दुसरीकडून यावे लागते.

परंतु येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ओढ चांगल्याकडेच नेते असे थोडेच आहे? एकाच पुस्तकाच्या वाचकांची उदाहरणे पाहा. १९७५ साली इंग्रज लेखक जॉन ब्रनर यांची ‘द शॉकवेव्ह रायडर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात संगणकांच्या देशव्यापी जाळ्यातून जनतेवर पाळत ठेवणारी सत्ता आहे आणि त्या जाळ्यात स्वतःच पसरत जाणारा एक कार्यक्रम सोडून सत्तेची गुपिते उघडी पाडणारा नायक आहे. या कार्यक्रमाला ब्रनर यांनी पोटातल्या जंताचे नाव दिले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप या दोघांनी ते नाव उचलले. रात्री रिकाम्या पडून राहणाऱ्या संगणकांना एकत्र जुंपून त्यांच्याकडून मोठे काम करून घेता येईल का, याचे त्यांनी प्रयोग केले आणि १९८२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा एक ‘जंत’ एका रात्री बिघडला आणि सकाळी यंत्रे बंद पडलेली आढळली, हेही त्यांनी त्यात लपवले नाही.

त्याच कादंबरीचा दुसरा वाचक होता रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने असाच एक स्वतःच्या प्रती काढणारा कार्यक्रम संगणकांच्या जाळ्यात सोडला. नासधूस करण्याचा त्याचा हेतू दिसत नव्हता. परंतु आपण एखाद्या यंत्रात आधीच शिरलो आहोत की नाही, हे तपासण्याच्या पद्धतीत त्याने ठेवलेल्या दोषामुळे तो कार्यक्रम त्याच त्या यंत्रांत पुनःपुन्हा शिरत राहिला. सुमारे सहा हजार यंत्रे त्याने ग्रासली, असा त्या वेळचा अंदाज होता. विद्यापीठे आणि संशोधन संस्था खोळंबल्या. ब्रनर यांच्या कादंबरीची प्रत त्याच्या खोलीत वाचून वाचून जीर्ण झाली होती, असे त्या काळच्या वृत्तपत्रांतून त्याच्या आईच्या हवाल्याने आले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो प्राध्यापक झाला आणि त्याने चांगले संशोधनही केले. एका चुकीने माणसाचे आयुष्य संपत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पुस्तक एकच. मग भेद कोठे पडला? माझ्या अल्पमतीप्रमाणे तो वाचनाच्या रीतीत आहे. कथा वाचताना आपण नकळत तिच्यातील कोणाच्या तरी जागी जाऊन उभे राहतो. नायकाच्या जागी उभे राहणे सोपे आणि सुखाचे असते. त्याच्या हाती सामर्थ्य असते आणि कथाकाराने त्याचे कृत्य आधीच न्याय्य ठरवून ठेवलेले असते. कथेच्या कडेला उभ्या असलेल्या निनावी माणसाच्या जागी कोणी उभे राहत नाही. ज्याचे यंत्र सकाळी बंद पडलेले असते, ज्याला कळतच नाही की आपल्यावर काय गुदरले, त्याला कथेत सहसा संवाद नसतो. शॉक आणि हप यांनी झालेली गडबड निबंधात लिहून ठेवली, याचा अर्थ त्यांनी त्या माणसाची दखल घेतली. वाचकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: या कथेत मी कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे?

अलीकडचे एक उदाहरण याहून बोलके आहे. १९९२ साली नील स्टीफनसन यांची ‘स्नो क्रॅश’ ही कादंबरी आली. ‘मेटाव्हर्स’ हा शब्द त्यांनीच घडवला आणि त्या आभासी जगात माणसाच्या वतीने वावरणाऱ्या आकृतीसाठी ‘अवतार’ हा आपल्याकडचा शब्द त्यांनी जगभर रूढ केला. या कादंबरीतील वास्तव जग भयाण आहे. राज्यसंस्था कोसळली आहे, वस्त्यांवर कंपन्यांची मालकी आहे, नायक सामान ठेवण्याच्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि घरोघर पिझ्झा पोहोचवतो. त्याला ऐटीचे घर आहे ते फक्त त्या आभासी जगात. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ केले आणि असे जग उभारणे हे आपले ध्येय असल्याचे जाहीर केले. धोक्याचा कंदील म्हणून जो दिवा टांगला होता, त्याच्याच उजेडात लोक मुक्कामाची जागा शोधू लागले. कोणाच्या हेतूवर मी बोट ठेवू इच्छित नाही. मात्र कथेतील यंत्र तेवढे उचलायचे आणि त्या यंत्राच्या सावलीत राहणारी माणसे तेथेच सोडून द्यायची, हा अर्धवट वाचनाचा प्रकार आहे, एवढे म्हणणे भाग आहे.

उलट बाजूने, संगणकशास्त्रातील एका थोर माणसाने माणसाकडे पाहिले आणि तो थबकला. जोसेफ वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमध्ये एका यहुदी कुटुंबात झाला; नाझी राजवटीमुळे १९३६ साली ते कुटुंब अमेरिकेत गेले. एमआयटी या विख्यात संस्थेत असताना त्यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. नाव बर्नार्ड शॉ यांच्या नाटकातील, शिकवल्याप्रमाणे बोलणाऱ्या मुलीचे. आपण टंकलेखन करून काही सांगावे आणि एलायझाने मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात आपलेच शब्द फिरवून प्रश्न विचारावा, एवढेच तिचे कसब. तिला काडीचेही समजत नव्हते. परंतु वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिव, ज्यांनी तो कार्यक्रम महिनोन्महिने घडताना पाहिला होता, त्याही एलायझाशी बोलू लागल्यावर त्यांना म्हणाल्या, की आपण जरा खोलीबाहेर जाल का? या प्रसंगाने ते हादरले. १९७६ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: संगणकाला काय जमेल हा एक प्रश्न आणि त्याच्याकडून काय करून घेणे उचित आहे हा निराळा प्रश्न, पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळत नाही. न्यायनिवाडा, सांत्वन, दया ही कामे यंत्राला जमतील असे वाटले, तरी ती त्याच्यावर सोपवू नयेत. आज, २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ लोकांच्या हाती आल्यानंतरच्या या काळात, कित्येक एकाकी माणसे रात्री-अपरात्री यंत्राजवळ मन मोकळे करतात. वायझेनबाउम यांचा प्रश्न जुना झालेला नाही.

मराठी वाचकाला या विचाराचा परिचय आपल्याच भाषेतून झालेला आहे. केंब्रिजमध्ये जयंत नारळीकर ज्यांच्या हाताखाली शिकले, ते फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत. १९६१ साली बीबीसीने दाखवलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या मालिकेच्या लेखनात त्यांचा वाटा होता; अंतराळातून आलेल्या संदेशात एक महासंगणक बांधण्याच्या सूचना असतात, अशी तिची कल्पना. गुरूची ही आवड शिष्यात उतरली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेऊन ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव बनवले होते. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी लिहिलेल्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत माणसाहून बुद्धिमान यंत्राचा प्रश्न आहे. शीर्षकच पुरेसे सूचक आहे. बळीच्या दारी आलेल्या बटूने मागितली ती फक्त तीन पावले जमीन. देणाऱ्याला वाटले, एवढेसे तर मागतो आहे. थोडे मागून सर्वस्व व्यापणारी गोष्ट ओळखायची कशी, हा प्रश्न आपल्या परंपरेने कितीतरी आधी विचारून ठेवला आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. शास्त्रज्ञाने कथा लिहिल्याने त्याच्या शास्त्राला उणेपणा येत नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथाही आपल्या ग्रंथालयांत आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून विज्ञानकथा वाचता येत नाही, ही सबब मराठी वाचकाला नाही.

एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन भेटीला आले. “फादर, ह्याला जरा समजवा. बारावी तोंडावर आली आणि हा यंत्रमानवांच्या गोष्टी वाचत बसतो,” ते म्हणाले. मी मुलाला विचारले, सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती? त्याने ‘रनअराउंड’ सांगितली. बुध ग्रहावर एका यंत्रमानवाला धोक्याच्या जागेहून काही आणायला पाठवलेले असते आणि आज्ञा पाळावी की स्वतःला जपावे, या कात्रीत सापडून तो वेड्यासारखा गोल गोल फिरत राहतो. एवढे सांगून तो थांबला आणि म्हणाला, “पण चूक यंत्राची नव्हती, फादर. हुकूम देणाऱ्याने तो सहज, बेफिकिरीने दिला होता.” वडील त्याच्याकडे पाहतच राहिले. अभ्यासाचे वेळापत्रक काय असावे, ते त्या दोघांनी आपापसात ठरवले. पण मुलाचे ते वाक्य माझ्या मनात राहिले. हुकूम देणाऱ्याची जबाबदारी ज्याला सतराव्या वर्षी कळते, त्याच्या हाती यंत्र द्यायला भिण्याचे कारण नाही.

आता व्यवहारी वाचकाचा आक्षेप. तो म्हणेल, “फादर, हे सारे ठीक, पण आमचा मुलगा संगणकात जातो तो घर चालवण्यासाठी. त्याला कर्ज फेडायचे आहे, बहिणीचे लग्न करायचे आहे. त्याला कसली कथा आणि कसले स्वप्न?” या आक्षेपाला मी कमी लेखत नाही. प्रामाणिक वेतनासाठी केलेले काम हे स्वच्छ काम आहे आणि आईवडिलांचा भार उचलणे हा उदात्त हेतू आहे. स्वप्न बाळगणाऱ्याने वेतनासाठी राबणाऱ्याकडे तुच्छतेने पाहू नये. युनिमेटने ज्या मजुराचे हात भाजण्यापासून वाचवले, त्याच मजुराची रोजी कदाचित त्यानेच हिरावली, हे स्वप्नाळू माणसाने विसरता कामा नये. परंतु वेतनाला एक मर्यादा आहे. काम का करावे, हे वेतन सांगते. कोणते काम करू नये, हे ते सांगू शकत नाही. उलट, नको त्या कामाला पुष्कळदा अधिक वेतन असते.

आणि संगणकाच्या व्यवसायात अशी वेळ येते. कर्ज मागणाऱ्या माणसाला नेमके कशामुळे नाकारले, हे त्याला कधीच कळू नये अशी रचना बनवण्याचे काम येते. मुलांनी पडद्यावरून डोळे हटवूच नयेत, अशी युक्ती शोधण्याचे काम येते. आईवडिलांच्या, शेजाऱ्यांच्या खाजगी गोष्टी त्यांच्या नकळत गोळा करण्याचे काम येते. अशा वेळी त्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या पाठीशी काय असते? करारात त्याविषयी काही नसते. कायदा बहुधा मागून येतो. असते ते एवढेच: आपण या विद्येकडे कशासाठी आलो होतो, याचे स्मरण. ज्याने कोवळ्या वयात मर्यादा आधी आणि सामर्थ्य नंतर अशी एखादी कथा मनापासून वाचली आहे, त्याच्याजवळ एक माप असते. समोरचे काम त्या मापाने मोजून तो म्हणू शकतो, की हे ते नव्हे. कथेचे खरे देणे मला यात दिसते. ती व्यवसायाचे दार दाखवते हे खरे, पण दार दुसरेही कोणी दाखवू शकेल. आत गेल्यावर नकार द्यायला उभे राहण्यापुरती जमीन ती पायाखाली ठेवते. या नकाराची किंमत मोजावी लागते. कधी बढती जाते, कधी नोकरीही. ती किंमत एकट्याने मोजण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, यासाठी कुटुंब असते. ‘हे काम मी करणार नाही’ असे मुलीने घरी येऊन सांगितले, तर ‘मग हप्त्याचे काय?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘काय काम होते?’ हा प्रश्न विचारणारे घर हवे.

सेमिनरीत पाचारणाचा विचार शिकवताना आम्हांला तीन गोष्टी तपासायला सांगत: ओढ आहे का, कुवत आहे का आणि इतरांना त्याची गरज आहे का? तिन्ही एकत्र जुळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. हा मापदंड केवळ वेदीशी जाणाऱ्यांसाठी आहे असे नाही. विज्ञानकथा यांपैकी पहिली गोष्ट देते आणि चांगली असेल तर तिसरीकडे बोट दाखवते. दुसरी मात्र गणिताच्या वहीतच मिळवावी लागते. कथा वाचून डोळे चमकले पण प्रमेयापाशी बसण्याची चिकाटी नाही, तर ती ओढ करमणूक म्हणून ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही. प्रत्येक वाचकाने अभियंता व्हावे, अशी कथेची अट नसते.

तेव्हा पालकांना सांगणे एवढेच. मुलाच्या किंवा मुलीच्या हाती असे पुस्तक दिसले, तर ते हिसकावून घेऊ नका आणि पाहिले न पाहिल्यासारखे करून पुढेही जाऊ नका. रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारा: गोष्ट काय आहे? तिच्यात यंत्र कोणाचे आहे, हुकूम कोण देतो, आणि त्याचा त्रास कोणाला होतो? चापेकच्या नाटकाच्या अखेरीस दोन कृत्रिम जीव एकमेकांसाठी मरायला तयार होतात आणि तो एकटा उरलेला श्रमिक त्यांना आशीर्वाद देऊन निरोप देतो. दुसऱ्यासाठी झीज सोसण्याची तयारी हीच माणूसपणाची खूण, असे त्या नाटककाराला वाटले असावे. संगणकाच्या पडद्यापुढे बसून ज्यांना आपले आयुष्य घालवायचे आहे, त्यांना ही खूण ओळखता आली, तर त्यांच्या हातून घडणारी यंत्रे आपल्या घरांत निश्चिंत मनाने येऊ द्यावीत.